उलटा प्रश्न

मल्लेश्वरम, बेंगळूर
ता. ४ नोव्हेंबर १९५८, मंगळवार

प्रिय हेमास,

तुझ्या कस्तुराअक्काचा प्रभूत सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही नीट पोचलं. इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत. यांना विमान कारखान्यात बढती मिळाली, म्हणजे काम वाढलं आणि घरी येऊन करायची कुरकुरही वाढली. पावसानं परवापर्यंत छळलं. आता उघडीप आहे, सकाळी शाल लागते. मागच्या दारचा कढीपत्ता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. शेजारच्या पद्मम्मा रोज "स्वल्प कोडी अक्का", थोडासा द्या, म्हणत येतात आणि अर्धं झाड ओरबाडून नेतात. देऊ नये म्हणावं तर बाई इतकी गोड हसते की देववतंच.

आता तू म्हणशील, झालं, अक्काचा कढीपत्ता आला, म्हणजे कापडाचं उत्तर याही पत्रात नाही. खरं आहे बाई. दर वर्षी तू चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजासाठी एक कापड टाक्यांनी भरून पाठवतेस, आणि दर पत्रात विचारतेस, "अक्का, मेजावर घातलं का गं?" आणि मी तुला कढीपत्ता कळवते, दुधाचं पाणी कळवते, यांची कंबर कळवते. आज सांगणार आहे. पण क्रमानं सांगू दे. आज मला घाई नाही, आज माझा दिवस आहे.

रविवारी आमच्या सुलभाचं दृढीकरण झालं, आता तीही प्रभूच्या मेजावर येणार. पांढरं पातळ नेसून उभी राहिली तेव्हा यांनी नाक शिंकरायचं निमित्त करून रुमाल काढला. तू इथं कधीच आली नाहीस, म्हणून सांगते. आपली मंडळी इथं मूठभर. बेळगाव-निपाणीकडून कारखान्यांत पोटाला आलेली माणसं. स्वतःचं चर्च नाही. सकाळी तमिळ मंडळीची उपासना होते, ती संपली की दुपारी चर्च आपलं. तेही लुथरन, आपणही लुथरन, शिवाय त्यांची फुलं वेदीवर तशीच असतात, म्हणून आपल्याला फुलांचा खर्च नाही, असं गुंडूमामा दर रविवारी नव्यानं सांगतात. तेच गुंडूमामा गं, निपाणीचे, पंचांतले.

अण्णांनी उपदेशक म्हणून निपाणीची रीत इथंही सोडली नाही. धर्मसुधारणेच्या रविवारी दृढीकरणाची मुलं पुढं ओळीनं उभी करायची आणि सगळ्या मंडळीदेखत त्यांची परीक्षा घ्यायची. आणि मुलांची झाली की उपदेशकाची. आठवतो ना उलटा प्रश्न? मंडळीतल्या कुणीही उठून उपदेशकाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आलं नाही तर उपदेशकानं जाऊन मुलांच्या ओळीत उभं राहायचं. आपण लहानपणी किती वाट बघायचो, अण्णा एकदा तरी ओळीत उभे राहतील म्हणून! कधीच नाही राहिले. कसे राहतील? दर वर्षी गुंडूमामाच उठणार आणि दर वर्षी तेच विचारणार, "उपदेशक, देवाला मराठी येतं का?" आणि अण्णा म्हणणार, "व्याकरणासकट." मंडळी हसणार, आमेन, चहा.

तर हे झालं रितीचं. आता कापडाचं.

हेमा, तुझं एकही कापड मेजावर गेलेलं नाही. सगळी अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. घड्या घालून, डांबराच्या गोळ्या ठेवून. फेकली नाहीत, कुणाला दिली नाहीत, आणि घातलीही नाहीत. पार्सल आलं की अण्णा स्वतः दोरी सोडतात, कापड उजेडात धरून बघतात, बोटं फिरवतात आणि म्हणतात, "फळ दिसू दे." मग पेटी उघडते आणि बंद होते. अरविंदमास्तर वारल्यावर तू पापांगीकाराचं पत्र पाठवलंस, तेव्हाही हेच म्हणाले होते. तेव्हाचे पाळक पत्र वाचून म्हणाले, "बरं, पोरीनं लपवलं काही नाही, प्रभुभोजनाला मेजावर येऊ दे." पण पंचांचे मुख्य अण्णा. म्हणाले, "पश्चात्ताप तोंडानं कुणीही म्हणतो. फळ दिसू दे." आणि तुला वाटलं, आपण फळच पाठवतोय. द्राक्षांचे घड काय, गव्हाच्या लोंब्या काय, भरतेस आपली.

या वर्षीचं कापड गुरुवारी आलं. मी अण्णांच्या शेजारीच उभी होते. द्राक्षाचं एक पान वाकडं आलंय, तुला दिसलं नसेल. टाका चुकून परत घातलाय आणि परत चुकलाय. माझी हेमा, जिच्या टाक्याला शाळेतल्या मडम भिंगानं बघायच्या, तिचे डोळे गेले की काय या कापडांपायी? अण्णांनी त्या पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फळ दिसू दे." आणि पेटी उघडली.

मला जो राग आला म्हणतेस! दोशाचं पीठ वाटत होते, वरवंट्यावर सगळा राग काढला. पीठ इतकं बारीक झालं की दुसऱ्या दिवशी दोसे तव्यालाच चिकटले. वाटता वाटता एकच घोळत होतं. या माणसानं आपल्याला काय शिकवलं? झाड चांगलं असलं की फळ चांगलं येतं. फळ बांधून झाड चांगलं होत नाही. आपण दोघी विहिरीवर पाणी ओढताना हे घोकायचो. आणि हाच माणूस स्वतःच्या मुलीला म्हणतो, आधी फळ आण, मग तुला झाड म्हणतो. अशानं कोयीकडंच लोणचं मागायचं की!

घरी भांडले असते तर काय झालं असतं, तुला ठाऊक आहे. अण्णा काठी घेऊन फिरायला गेले असते. म्हणून मी गप्प बसले. शुक्रवारी गप्प, शनिवारी गप्प. यांना वाटलं मला ताप आलाय.

रविवारी चर्च भरलेलं. अण्णा काळ्या कोटात, हातात ती जुनी छत्री, मुलांकडं रोखायला. वय झालं तरी आवाज तोच. पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, माणूस नीतिमान कशानं ठरतो. मुलं खणखणीत बोलली. सुलभाला सत्कर्मांचा प्रश्न आला. "सत्कर्मं तारणाची किंमत नव्हेत, तारण मिळालेल्याचा आनंद आहेत," असं म्हणाली बया, एका दमात. अण्णांनी छत्री खाली घेतली, म्हणजे पास.

मग विचारलं, "उलटा प्रश्न कोण विचारणार?"

गुंडूमामा कोट सावरत उठायला लागले. त्यांच्याआधी मी उठले.

बायकांच्या बाजूनं आजवर कुणी उठलं नव्हतं. यांनी पलीकडून डोळे वटारले. मी तिकडं बघितलंच नाही.

म्हटलं, "उपदेशक, प्रभूच्या मेजावर येण्याआधी माणसानं किती सत्कर्मं केलेली असावी लागतात?"

अण्णांचा चेहरा फुलला गं. लेकीनं किती छान प्रश्न विचारला, असं वाटलं त्यांना. छत्री टेकवून म्हणाले, "एकही नाही. सत्कर्मांचं गाठोडं घेऊन मेजावर येतो तो जेवायला येत नाही, विकायला येतो. मेज भुकेल्यांसाठी आहे." मंडळी आमेन म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं,

"मग माझ्या बहिणीनं अजून किती कापडं भरायची?"

हेमा, बाहेर टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, त्या बादलीची कडी आत ऐकू आली.

गुंडूमामा म्हणाले, "कस्तुरा, हा घरचा प्रश्न. घरी विचारावा."

मी म्हटलं, "मामा, घरी विचारला तर बाप उत्तर देईल. मला उपदेशकाचं उत्तर पाहिजे."

आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. सगळं बोलले. "माझी बहीण अरविंदमास्तरांबरोबर गेली, त्यांची बायको कृष्णाबाई धारवाडला जिवंत असताना गेली. ते पाप होतं. तिनं पाप म्हणून लिहून कळवलं, कारणं सांगितली नाहीत. मास्तर वारले, आणि त्याच बायकोचे डोळे गेले तेव्हा हिनं तिला हुबळीला आणलं, आज तिला हातानं धरून चालवते. हे मी तिची बाजू मांडायला सांगत नाही. तिनं यातलं काहीही केलं नसतं तरी माझा प्रश्न हाच होता. मेज फुकट आहे की नाही?"

आपले नवे पाळक, सुधींद्र म्हणून, तरुण आहेत, भांडणाला घाबरतात. ते हळूच म्हणाले, "बाई, रीत एका प्रश्नाची आहे. तुम्ही दोन विचारलेत."

तेव्हा अण्णा बोलले. "नाही, पाळकसाहेब. प्रश्न एकच आहे."

मग म्हणाले, "पश्चात्तापाचं फळ..." आणि थांबले. मुलांकडं बघितलं. सुलभाकडं बघितलं. पुन्हा म्हणाले, "फळ..." आणि पुढं काही येईना. हेमा, ज्या माणसाला आपण कधी शब्द शोधताना बघितलं नाही, तो शब्द शोधत होता. एकदा वाटलं, धावत जाऊन म्हणावं, राहू दे अण्णा, बसा. पण तुझं वाकडं पान आठवलं आणि मी उभीच राहिले.

त्यांनी पुस्तक मिटून वेदीच्या पायरीवर ठेवलं. छत्री कठड्याला अडकवली. आणि एक एक पाऊल टाकत मुलांच्या ओळीत गेले, सुलभाच्या पलीकडं, अगदी टोकाला. हात बांधून उभे राहिले, जसे आपल्याला उभं करायचे तसे. म्हणाले,

"मला उत्तर येत नाही. मुलांनो, तुम्ही सांगा."

पोरं घाबरली, एकमेकांकडं बघायला लागली. सुलभानं सुरुवात केली, मग सगळी एका सुरात, "माझ्या बळानं नव्हे, माझ्या कामानं नव्हे. देवानं मला ख्रिस्तामुळं तारण फुकट दिलं, आणि मी रिकाम्या हातांनी घेतलं." अण्णा त्यांच्या मागून एक एक वाक्य म्हणत होते. आपण चुकलो की आपल्याकडून म्हणवून घ्यायचे तसे. "रिकाम्या हातांनी" म्हणताना त्यांनी बांधलेले हात सोडले आणि पुढं धरले. म्हातारे, शिरा वर आलेले हात.

मी रडले गं. चांगली भोकाड पसरून रडले, शोभेनासं. नेहमी डोळे वटारणारा माझा नवरा बायकांच्या बाजूला येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. आमच्या लग्नानंतर चर्चमध्ये तो माझ्या शेजारी उभा राहिल्याची ही पहिलीच वेळ.

पाळकसाहेबांनी पंचांना विचारलं, "काय म्हणणं?" गुंडूमामा म्हणाले, "उपदेशकच ओळीत जाऊन उभे राहिले, आता आम्ही कुठल्या झाडाचा पाला?" मग पाळक वेदीसमोर आले, एकदम धीट झाले बघ, आणि मोठ्यानं म्हणाले, "आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्यासाठी पहिलं नाव लिहून घ्या. हेमलता आप्पाजी." सगळी मंडळी आमेन म्हणाली. म्हणाली कसली, ओरडली. गाणं सुरू झालं ते थांबेचना. तमिळ मंडळीतले लोक काय झालं म्हणून खिडक्यांत जमले, आणि काही कळलं नाही तरी त्यांच्या भाषेत आमच्या सुरात सूर मिळवून मोकळे झाले. टांगेवालासुद्धा दारात उभा होता.

जिंकले मी, हेमा! मी जिंकले, तू जिंकलीस, आणि खरं सांगू का, अण्णाही जिंकले. आयुष्यभर जे दुसऱ्यांना वाढलं ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः चाखलं, असं मला वाटतं.

पण थांब, कथा इथं संपत नाही. तू अण्णांना ओळखतेस. काल सकाळी बघते तर पेटी उघडी, तुझी सगळी कापडं खाटेवर पसरलेली, आणि अण्णा त्यांच्या मध्ये बसलेले. मला म्हणाले, "कस्तुरा, मी हुबळीला जातो. तिच्या दारात तीन दिवस उपास करून बसतो. पंचांचं पद सोडतो. तिच्या त्या कृष्णाबाईंना रोज वाचून दाखवत जाईन. मग तिला तोंड दाखवतो."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अण्णा, रविवारचा धडा सोमवारीच विसरलात? आता तुम्ही गाठोडं बांधायला लागलात की! पोरीनं क्षमा केली तर ती फुकट करेल. तुमच्या उपासानं नाही."

तर म्हणाले, "आणि नाही केली तर?"

त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे. म्हणून या पत्रात एक उलटा प्रश्न तुलाही आहे, हेमा. इतकी वर्षं ज्यानं तुला दाराबाहेर उभं केलं, त्याच्याकडून तू काय काय मागणार आहेस? मी तुला शिकवत नाही. तुझा राग मोठा असेल, असावाच. माझाच इतका होता, मग तुझा केवढा असेल. पण ते रात्रंदिवस दाराकडं बघतात, एवढं सांगते.

आणि कृष्णाबाईंचं. त्यांचं करायचं सोडू नकोस. फक्त आता अण्णांनी बघावं म्हणून करू नकोस, देवानं मोजावं म्हणूनही नको. देवाला तुझ्या भाताची गरज नाही, तो कृष्णाबाईंना लागतो. त्यांना भूक लागते म्हणून वाढ. मला वाटतं आता तुझा हात हलका होईल. कधीतरी भातात मीठ जास्त पडलं तरी तुला हसू येईल.

२९ तारखेच्या गाडीनं ये. ३० ला रविवार, प्रभुभोजन. कृष्णाबाईंना एकटं ठेवू नकोस, त्यांनाही घेऊन ये. खोली मोठी आहे. पद्मम्मांना आत्ताच सांगून ठेवलंय, महिनाभर कढीपत्त्याला हात लावायचा नाही, माझी बहीण येणार आहे.

मेजावर कुठलं कापड घालायचं, हेही ठरलं. अण्णांनीच निवडलं. वाकड्या पानाचं.

आणि एक सक्त ताकीद. येताना काही आणायचं नाही. धारवाडचा पेढा नाही, भरलेलं कापड नाही, सुलभाला झबलं-टोपडं काही नाही, ती मोठी झाली आता. तू कधी कुणाच्या घरी मोकळ्या हातानं गेली नाहीस, मला माहीत आहे, तुला जड जाईल. पण हात मोकळे असले की कृष्णाबाईंना नीट धरता येईल.

खाली अण्णांना दोन ओळी लिहायच्या आहेत. सकाळपासून टाक घेऊन बसलेत. मी हट्टानं वाचणार नाही.

विजयानं फुगलेली, तुझी वाट बघणारी, तुझ्यावर सदा हुकूम चालवणारी,
तुझी अक्का
कस्तुरा



चि. हेमास,

तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही. शोधून बघितलं.

२९ ला स्टेशनवर उभा राहीन. छत्रीही आणणार नाही.

ओळीत शेवटी उभा असलेला,
तुझा अण्णा